पान बारा आणि तेरा

माणसानं चित्रं काढावीत, पण स्वतःच्या गावात बसून काढू नयेत. हे मी वीस वर्षं सांगत आलोय आणि वीस वर्षं आमच्या भऱ्यातच बसून चित्रं काढत आलोय. पुण्यात खोली घ्यायचं दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा रत्नानं, म्हणजे माझ्या बायकोनं, "आन् भाताची लावणी कोन करनार?" एवढंच विचारलं आणि तो विषय तिथंच मिटला.

तेव्हा मी घराच्या ओट्यावर, मांडीवर फळी घेऊन बसतो, कारण उजेड तिथंच असतो. लहान मुलांच्या पुस्तकांतले ससे, अस्वलं, कोल्हे आणि ढेरपोटे राजे काढतो आणि आठवड्यातून दोनदा एस.टी.नं पुण्याला जाऊन प्रकाशकांच्या टेबलावर ठेवतो. ओटा रस्त्याला लागून आहे. पिरंगुटला जाणारं आणि पिरंगुटहून येणारं प्रत्येक माणूस माझ्या मानेवर श्वास सोडून मगच पुढं जातं.

"काय काढतुया?"

"ससा."

"सशाला चष्मा?"

"गोष्टीत हाय तसं."

"सशाला कुटं कमी दिसतं? त्येला तर मागलंबी दिसतं."

खरं असतं ते. डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं मोळ्या घेऊन खाली येतात, माझं अस्वल बघतात आणि मान हलवतात. अस्वल असं बसत नाही म्हणतात. त्यांनी अस्वल पाहिलेलं असतं, मी पाहिलेलं नसतं. आमच्या प्रकाशकांनी तर गल्लीतल्या मांजराखेरीज जनावर म्हणून पाहिलेलं नाही, पण त्यांना सगळं ठाऊक असतं. "कोल्हा जरा हसरा करा." "वाघाची भीती वाटतेय हो, पापण्या लांब काढा." मी पापण्या लांब काढतो. मग ओट्यावरून जाणारा थांबून विचारतो, "वाघीन का ही?"

एका बाबतीत मात्र गाव आणि शहर यांचं एकमत आहे. "पोरांचीच चित्रं ना?" असं दोन्हीकडं म्हणतात. लग्नकार्यात पाहुणे विचारतात, देवादिकांची, पुढाऱ्यांची अशी खरी चित्रं कधी काढणार? या एका वाक्यापायी माझ्या मेव्हण्याशी तीन वर्षं बोलणं बंद होतं. अरे, मोठा माणूस चित्राकडं बघतो कुठं? तो नजर टाकतो आणि पुढं जातो. पोर बैलाचे खूर मोजतं. एक खूर कमी निघाला तर ते पोर आयुष्यात तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. हे मी ज्याला त्याला सांगायचो आणि जो तो "बरं बरं" म्हणायचा.

असो. जिल्हा परिषद आली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. प्रकाशकांनी शेतकऱ्याच्या वर्षावर चोवीस पानांचं रंगीत पुस्तक काढायचं ठरवलं. "तुम्ही खेड्यातलेच. तुम्हाला काय अवघड?" असं म्हणून त्यांनी पौष महिन्यात कागद माझ्या हातात ठेवले आणि फाल्गुनाच्या आत चित्रं मागितली. पावसाच्या पानावर छत्रीवाला बेडूक पाहिजे, हेही सांगितलं. शेतकऱ्याच्या वर्षात छत्रीवाला बेडूक कुठून आला, हे मी विचारलं नाही. विचारून उपयोग नसतो.

चोवीस पानांच्या पुस्तकात बारावं आणि तेरावं पान एकाच कागदाचं असतं, बरोबर मधलं, टाचण्या मारलेल्या जागेचं. एकच चित्र सलग दोन पानांवर पसरायला ती एवढीच जागा. तिथं मी पोळा काढायचा ठरवला. वेशीखालून मारुतीच्या देवळाकडं निघालेली बैलांची रांग, वर आंब्याच्या पानांचं तोरण. पण पोळा आमच्याकडं भादव्यात. पौषात पोळा आणायचा कुठून? मला बैल समोर लागतो. मनानं काढलेल्या बैलाला मनाचेच पाय येतात.

वही घेऊन गावभर फिरलो. आमच्या भावकीतल्या कोंडिबाआबांचा बैल पहिला काढायचा म्हटलं, तर तो रस्त्याच्या कामावर खडी वाहत होता. बाकीचे कुणाचे चरायला, कुणाचे उसाच्या गाडीला. एकटा तुळजाकाकीचा बैल घरी होता. चांद्या त्याचं नाव. सगळा काळा आणि कपाळावर तेवढा पांढरा चांद. मला काळाच हवा होता, कारण चित्राच्या पुढच्या टोकाला काळा रंग आला की पोराची नजर तिथून आत शिरते. शिवाय छपाईत काळा ठसा सगळ्यांत स्वच्छ उठतो. बाकीच्या तीन रंगांचं नशीब छपाई करणाऱ्याच्या हातात असतं.

तुळजाकाकी म्हणजे माझ्या चुलत चुलत्याची, नथूकाकाची बायको. काका जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मुलगी घोटावड्याला दिलेली, जमीन वाट्यानं लावलेली. घरात ती एकटी आणि पडवीत भाड्यानं राहणारे शाळेचे मास्तर. बैलाचं तिला काही काम नव्हतं. विकून टाक म्हणून सगळं गाव सांगायचं आणि ती "बघू" म्हणायची.

"काकी, बैल जरा हुबा ऱ्हाईल का?" मी विचारलं.

"मी धरते की," ती म्हणाली आणि कासरा हातात घेऊन अंगणात येऊन उभी राहिली.

दोन तास उभी होती. माश्या बसत होत्या, रस्त्यानं गाड्या जात होत्या, एकदा कुत्रंही अंगावर भुंकून गेलं. बैलानं कान हलवला की ती नुसतं "हं" म्हणायची, आणि तो दगडासारखा स्थिर. मीच चार वेळा पाय बदलले. मधेच ती सांगायला लागली. "आमच्या दारातला बैल पयला निघायचा पोळ्याला. तवा ह्यो नव्हता, ह्येचा बाप व्हता. मानाचा बैल म्हनायचे." मी "हं" म्हटलं. मी खुरांत गुंतलो होतो.

मानाचं मला काही नवीन सांगायला नको होतं. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, यावरून आमच्या तालुक्यात डोकी फुटलेली आहेत. भऱ्यात तो मान पिढ्यान् पिढ्या नथूकाकाच्या घरात होता. काका गेले तेव्हा गावानं ठरवलं, घरात बैल धरायला माणूस नाही, तर मान भावकीत द्यावा. तो काकांच्या चुलतभावाकडं, कोंडिबाआबांकडं गेला. तुळजाकाकी तेव्हा काही बोलली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. पण ओट्यावर बसून चित्र काढणाऱ्या जयसिंगाला, म्हणजे मला, ते आठवायला हवं होतं ना? तो आपला काळा रंग, खूर आणि कागदाची मधली घडी यांच्याशी झुंजत होता.

बाईच्या जागी नंतर फेटेवाला गडी काढायचा असं माझ्या मनात होतं. पण कासरा धरलेला तिचा हात कागदावर असा उतरला, की मला तो पुसवेना. बोटांची पकड घट्ट आणि मनगट सैल. वीस वर्षांत असे दोन-तीन हात आले असतील मला. ठेवला तसाच, आणि हात ठेवला म्हणून बाईही ठेवली. तिच्या मागं एक शिंग खाली झुकलेला कोंडिबाआबांचा बैल आठवणीनं काढला आणि त्याच्या मागं आणखी सात. प्रकाशकांना चित्र आवडलं. बाई पुढं आहे हे नवीन वाटतं म्हणाले. फक्त पहिला बैल हसरा करता येईल का, असं विचारलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना नाही म्हणालो, आणि त्याच गुर्मीत एस.टी. चुकवली.

पुस्तक छापून झालं. शाळांच्या वाचनालयांसाठी जिल्हा परिषदेनं काही प्रती घेतल्या आणि त्यातली एक पावसाळ्यात आमच्या शाळेत आली. आता शाळेत पुस्तक आलं की त्यावर शिक्का मारतात. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, म्हणजे पुस्तक चोरीला गेलं तर ओळखता यावं. आमच्या मास्तरांचं ठरलेलं पान तेरावं. त्यांनी जांभळ्या शाईचा गोल शिक्का उचलला आणि तेराव्या पानावर उमटवला. तो नेमका चांद्याच्या वशिंडावर बसला. घरमालकिणीचा बैल पुस्तकात आला म्हणून मास्तर ते पुस्तक कौतुकानं घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाकाकी माझ्या ओट्यावर. पुस्तक धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं.

"जयसिंगा, ही मीच ना?"

"व्हय काकी."

"आन् ह्यो आमचा चांद्या."

"व्हय."

"पयला हाय."

मी मान वर केली. ती शिक्क्यावर बोट ठेवून उभी होती.

"सरकारनं मंजूर केला," ती म्हणाली.

मी फळी बाजूला ठेवली. शिक्का शाळेचा आहे, सरकारचा नाही. सगळ्या पुस्तकांवर मारतात. तेराव्याच पानावर मारतात. गणिताच्या पुस्तकावरही आहे. सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पानावर मारत्यात, कबूल," ती म्हणाली. "पन मागं आठ बैल हायेत. त्येंच्यावर का न्हाई मारला?"

मास्तरांचा हात तिथं पडला. हे उत्तर होतं का? त्या वेळी मांडीवर दुसरं पुस्तक होतं, छपाईसाठी वेगळा काढलेला तांबड्या रंगाचा कागद काळ्या रेघांवर बसत नव्हता आणि दुपारची एस.टी. गाठायची होती. "बरं काकी, बघू," म्हणालो आणि पुन्हा मान खाली घातली. तिनं ते "बघू" कबुली म्हणून घेतलं. आमच्यात तसंच घेतात.

आठवडाभरात गावाला दुसरा विषय राहिला नाही. तुळजाकाकीनं ज्याला त्याला पुस्तक दाखवलं. यंदा पोळ्याला चांद्या पुढं काढणार आणि मी धरणार, असं तिनं पाणवठ्यावर सांगितलं. कोंडिबाआबांनी मास्तरांना बोलावून शिक्क्याबद्दल विचारलं. मास्तर परगावचे, घाबरले. "शिक्का अधिकृत आहे," एवढंच म्हणाले. झालं. आगीत तेल ओतून मास्तर शाळेत निघून गेले आणि मारुतीच्या देवळात बैठक बसली.

मला बोलावणं आलं तेव्हा मी निळ्या रंगाचा कागद करत होतो. रंगीत चित्र म्हणजे एकच चित्र चारदा काढावं लागतं, प्रत्येक रंगाचं वेगळ्या कागदावर, आणि केसभर हललं तर राजाच्या गालाचा तांबडा रंग त्याच्या कानाला लागतो. तिसरा कागद अर्धा झालेला. हातातली नीब तशीच टाकून गेलो. डोकं आधीच फिरलेलं होतं.

देवळात निम्मं गाव होतं. मधोमध कुशाबा, गावातले सगळ्यांत वडील. त्यांच्या शेजारी कोंडिबाआबा ताठ बसलेले. तुळजाकाकी खांबाशी, बायकांच्या बाजूला, मांडीवर ते फडकं. कुशाबांनी पुस्तक हातात घेतलं. पुस्तक त्यांनी उलटं धरलं होतं. कुणीतरी सुलटं करून दिलं.

"जयसिंगा, ह्यो पोळा तू कुटं बघितलास?"

"कुटं न्हाई. मनानं काढला."

"म्हंजी खोटा?"

"खोटा न्हाई वो. चित्र हाय."

"मंग खरा?"

लोक माझ्या तोंडाकडं बघत होते. तिकडं निळी शाई उघड्या दौतीत वाळत होती. कोंडिबाआबा म्हणाले, "सरळ सांग की रं. असा पोळा झालाय का न्हाई?"

"न्हाई झाला," मी म्हणालो. "अवो, पोरांचं पुस्तक हाय ते. त्येचा काय पुरावा धरताय? आठवं पान काढा. त्यात बेडूक छत्री घिऊन चाललाय. मंग त्येलाबी गावचा मान द्या."

देऊळ हसलं. लोक मांड्यांवर हात मारून हसले. कुणीतरी आठवं पान काढून फिरवलं, त्यावर पुन्हा हसले. मीही हसलो. वीस वर्षं जे वाक्य ऐकून माझं पित्त खवळत होतं, ते त्या दिवशी भर देवळात मी माझ्याच तोंडानं बोललो, आणि लोकांनी दाद दिली म्हणून खूशही झालो.

"तर मंग मिटलं," कुशाबा म्हणाले. "घरात बैल धराया मानूस न्हाई, ही अडचन तवा व्हती ती आताबी हाय. मान हाय तितंच ऱ्हाईल."

हे वाक्य मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. त्या वेळी मी पायरीवर वाकून माझ्या चपला शोधत होतो. खांबाशी तुळजाकाकी फडक्याची घडी घालत होती, पुस्तकाशिवाय. पुस्तक तोपर्यंत पार पलीकडं गेलं होतं, बेडूक बघायला.

घरी आल्यावर रत्नाला सगळं रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. बेडकाच्या जागी ती हसेल म्हणून थांबलो. ती हसली नाही.

"आन् त्यो बैल तुमच्या म्होरं दोन तास कुनी धरला व्हता?" तिनं विचारलं.

भाकरी तव्यावर टाकून तिनं वर पाणी फिरवलं आणि तेवढ्यावर विषय सोडला. गावाचा प्रश्न पोळ्याचा नव्हताच. गावाचा प्रश्न होता, बैल धरायला माणूस आहे का? त्याला साक्षीदार अख्ख्या भऱ्यात एकच होता आणि तो चपला शोधत होता. पोळा मनाचा होता, पण हात मनाचा नव्हता. तो मी डोळ्यांनी पाहून काढला होता. मी एवढंच बोलायला हवं होतं, आणि मी बेडूक काढून दाखवला.

दुसऱ्या दिवशी जाऊन आबांना सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी कागद पुरे करायचे होते. तिसऱ्या दिवशी पुण्याला गेलो तर प्रकाशक म्हणाले, तांबडा फार भडक झालाय. मग तो पुन्हा केला. मग पाऊस लागला आणि ओट्यावर उजेडच नाही, म्हणून काम लांबलं. मग म्हटलं, हे एकदा पोचवतो आणि मोकळ्या मनानं जातो. माझं मन वीस वर्षांत कधी मोकळं झालेलं नाही, हे मला कळायला नको का? असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गेलो, तेव्हा पोळा पाच दिवसांवर आला होता.

कोंडिबाआबा गोठ्यात बैलाची शिंगं घासत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पौषात काय झालं, बैल किती वेळ उभा होता, कुत्रं कसं आलं, ती नुसतं "हं" कशी म्हणत होती.

आबांचा हात थांबला. "दोन तास?"

"दोन तास. मी पाय बदलले आबा, बैलानं न्हाई बदलले."

"एकटीनं?"

"एकटीनं."

त्यांनी बैलाच्या झुकलेल्या शिंगावरून हात फिरवला. "मला दोन मानसं लागत्यात ह्येला वेशीतनं काढाया," ते म्हणाले. मला वाटलं, आता बाहेर काढतील.

"मान म्या चोरला न्हाई जयसिंगा. धराया कुनी न्हाई म्हनले, म्हून घेतला. ती धरती म्हनतोस, तर तिचा तिला. वैनीला जाऊन सांग, कोंडिबा मागं हुबा ऱ्हातोय म्हनावं. कुशाबाला म्या सांगतो." मी वळलो तेव्हा ते म्हणाले, "देवळात का न्हाई बोललास?"

"काम व्हतं," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा शिंग घासायला घेतलं.

मी तिच्या घराकडं पळतच गेलो. बेचाळीस वर्षांचा माणूस चिखलातून पळतोय, हे बघायला रस्त्यावर माणसं होतीच. तुळजाकाकी गोठा सारवत होती. सगळा गोठा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. जनावर बांधलेलं असताना असा सारवता येत नाही. हे मला दारातच दिसलं.

"चांद्या कुटं?"

"परवा गेला. घाटाखालचा व्यापारी आला व्हता."

"काकी, कशाला इकला?"

तिनं शेणाचा हात बादलीत बुडवला. "नऊ वर्सं त्या एका दिसासाठी चारा घातला त्येला. औंदा न्हाई तर फुडल्या साली म्हनायची. देवळात समाजलं, फुडलं सालबी न्हाई. मंग कशाला कोंडून ठिवायचा? धडधाकट जनावर हाय, कुनाच्या तरी कामाला येईल."

मी आबांचा निरोप सांगितला. काय बोललो ते नीट आठवत नाही. रडू येत होतं आणि राग येत होता. तिचा, आबांचा, मास्तरांचा, प्रकाशकांचा, त्या तांबड्या रंगाचा, आणि फिरून फिरून माझाच. घाट उतरून बैल शोधून आणतो म्हणालो. ती म्हणाली, "कुटं शोधनार? तीन गावांचं बैल घिऊन गेला त्यो." तरी मी दुसऱ्या दिवशी पौडला जाऊन चौकशी केली. व्यापाऱ्याचं नावसुद्धा कुणाला धड सांगता आलं नाही.

त्या दिवशी मात्र तिनं एवढंच विचारलं, "कोंडिबा म्हनला? त्येच्या तोंडानं?"

"व्हय."

"मागं हुबा ऱ्हातो म्हनला?"

"व्हय काकी."

तिनं उरलेला कोपरा सारवून घेतला.

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर सगळे बैल वेशीपाशी जमले. शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली, वाजंत्री. कोंडिबाआबांनी बोलल्याप्रमाणे आपला बैल एक पाऊल मागं उभा केला होता आणि पुढची जागा मोकळी होती. ती का मोकळी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांद्या विकला हेही ठाऊक होतं. कुशाबा म्हणत होते, आता तिचा बैलच नाही, तर आबांनी पुढं व्हावं. आबा हलायला तयार नव्हते.

तेवढ्यात तुळजाकाकी आली. धुवट लुगडं, डोक्यावर पदर. हातात कासरा होता, नवा, रंगीत गोंडे लावलेला. दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. ती सरळ मोकळ्या जागेवर गेली आणि डाव्या अंगाला उभी राहिली, उजवीकडं बैलाएवढी जागा सोडून. कोणी हसेल असं मला वाटलं. हसायला त्यांना मीच शिकवलं होतं. कोणी हसलं नाही.

बहिरू गुरव कुंकवाचं ताट घेऊन पुढं आला. पहिल्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावल्याशिवाय रांग निघत नाही. तो त्या मोकळ्या जागेपुढं थांबला. एकदा जागेकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. विधवा बाई, आणि समोर बैल नाही. त्याचा हात ताटावरच राहिला. वाजंत्रीही थांबली.

"बैलाचं कुकू हाय, बहिरू," मागून कोंडिबाआबा म्हणाले. "बैलाच्या कासऱ्याला लाव."

तिनं कासरा पुढं केला. तोच हात, पकड घट्ट आणि मनगट सैल. बहिरूनं दोरीला कुंकू लावलं आणि नारळ वाढवला. मी वेशीच्या दगडाला टेकून उभा होतो. मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर त्या जागेत आज चांद्या असता. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, आजही सांगतो. त्याला कुठल्याही रंगानं झाकता येत नाही.

ती निघाली. बाई एकटी चालते तशी नाही, बैलाच्या बाजूनं चालतात तशी, त्याच्या पावलाला पाऊल देत, सावकाश. तोरणाखाली जरा थांबली, "हं" म्हणाली आणि पुढं झाली. मागचे आठही बैल तिच्या चालीनं येत होते. कोंडिबाआबांचा बैल तरणा होता, पुढं घुसायला बघत होता. देवळापर्यंत आबांना त्याला दोनदा आवरून धरावं लागलं.